व्यंग, वांग आणि कोड : एका डागाचा शब्देतिहास

चेहऱ्यावर अकस्मात उमटलेला डाग हा शरीराच्या दृष्टीने बहुधा क्षुल्लक विकार असतो. तो दुखत नाही, वाहत नाही. ज्याच्या गालावर तो उमटतो त्याची भूक शाबूत असते आणि हातपाय चालते असतात. असे असूनही वैद्यक, धर्मशास्त्र, पुराणकथा आणि लोकव्यवहार या चारही क्षेत्रांनी या विकाराची जेवढी चिंता वाहिली आहे तेवढी पुष्कळ प्राणघातक रोगांचीही वाहिलेली नाही. याची कारणे दोन आहेत. शरीरावरील इतर खुणा वस्त्राखाली झाकता येतात; चेहऱ्यावरची खूण झाकता येत नाही, आणि ती पाहणाऱ्याला आधी दिसते, ज्याची त्याला मागाहून. दुसरे असे की, या डागाचे कारण सहसा सांगता येत नाही. जखमेचा वण असेल तर 'पडलो' किंवा 'भाजले' एवढे उत्तर पुरते. कारणावाचून आलेल्या डागाला असे उत्तर नसते, आणि प्रश्न तर रोज विचारला जातो. जेथे कारण कळत नाही तेथे माणूस आधी नाव देतो आणि मग त्या नावातूनच कारण काढू लागतो. या डागाचा इतिहास म्हणूनच शब्दांच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे वाचता येतो. तो वाचू गेल्यास असे दिसते की, डागाने माणसाचे जेवढे नुकसान केले त्याहून कितीतरी अधिक नुकसान एका विकारावर दुसऱ्याचे नाव घातल्यामुळे झाले. आणि हे नामांतर पुष्कळदा भाषांतराच्या वाटेने घडले.

मराठीत चेहऱ्यावरील काळसर डागांना 'वांग' म्हणतात. संस्कृत वैद्यकातील 'व्यंग' या संज्ञेचे ते घरगुती रूप होय. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा, म्हणजे लहानसहान विकारांचा, एक स्वतंत्र अध्याय आहे. व्यंग, नीलिका, न्यच्छ, तिलकालक, जतुमणी अशी त्वचेवरील खुणांची बारकाईने केलेली वर्गवारी त्यात आढळते. क्रोध आणि आयास यांनी क्षुब्ध झालेला वायू पित्तासह एकाएकी मुखाशी येतो आणि तेथे पातळ, सावळे, वेदनारहित मंडल उमटवतो, असे व्यंगाचे लक्षण तेथे सांगितले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात क्रोधाच्या जोडीला शोक घातला, आणि असेच मंडल मुखाखेरीज अन्यत्र असेल तर त्याला नीलिका म्हणावे असा भेदही केला. याचा अर्थ, डाग चेहऱ्यावर आहे एवढ्यावरून त्याचे नाव बदलते. वडाचे कोंब, मसूर, मंजिष्ठा, रक्तचंदन यांचे लेप हा त्यावरचा उपचार. या वर्णनातील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. डाग 'एकाएकी' येतो आणि तो दुखत नाही, हे वैद्याने कारणापेक्षाही अधिक खात्रीने नोंदवले आहे. आणि कारण म्हणून जे सांगितले ते संताप, दुःख आणि श्रम हे होय. रोग्याच्या अपराधाचा त्यात उल्लेखही नाही. काळ्या डागाकडे पाहणाऱ्या वैद्याची दृष्टी येथे कनवाळू आहे.

परंतु त्या शब्दाची गोष्ट वेगळी झाली. 'व्यंग' हे रूप संस्कृतात दोन वाटांनी सिद्ध होते. 'वि' आणि 'अञ्ज्' यांपासून निघालेला व्यंग म्हणजे माखलेला, ठिपकेदार. 'अंजन' हा शब्द याच धातूचा. 'वि' आणि 'अंग' यांपासून निघालेला व्यंग म्हणजे अंगाने उणा, अवयवहीन. ठिपक्याचा शब्द आणि उणेपणाचा शब्द उच्चारात एकच असल्यामुळे पहिल्याच्या अंगाला दुसऱ्याचा अर्थ चिकटत गेला. आज मराठीत 'व्यंग' म्हटले की शारीरिक न्यून एवढाच अर्थ मनात येतो. ठिपक्याचा निरुपद्रवी अर्थ 'वांग' या तद्भवात कसाबसा टिकून राहिला आहे. डाग म्हणजे काहीतरी उमटलेले की काहीतरी कमी झालेले, हा प्रश्न या दोन व्युत्पत्तींच्या मधोमध उभा आहे, आणि समाजाने त्याचे उत्तर बहुधा दुसऱ्या बाजूने दिले आहे.

पांढऱ्या डागाची कथा याहून कठीण आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील तेविसावे व चोविसावे अशी दोन लहान सूक्ते 'किलास' या विकारावर आहेत. किलास म्हणजे त्वचेवरील पांढरा डाग. काळ्या वर्णाच्या वनस्पतीला तेथे आवाहन केले आहे, आणि मागणे असे की, तिने आपला रंग या त्वचेला द्यावा व ही त्वचा पुन्हा एकसारखी करावी. डागाचे मूळ हाडात आहे, शरीरात आहे, की कोणाच्या दुष्ट कृतीत आहे, असे तर्क त्यात येतात. रोग्याच्या स्वतःच्या पापाचा निर्देश नाही. डागाला तेथे 'लक्ष्म', म्हणजे खूण, एवढेच म्हटले आहे.

पुढच्या काळातील वैद्यांनी किलासाची, ज्याला श्वित्र असेही म्हणतात, कुष्ठाच्या प्रकरणात सोय लावली. सुश्रुताने किलासाला कुष्ठाचाच एक प्रकार म्हटले. पण तेथल्या तेथेच दोहोंमधील अंतरही सांगितले. किलास केवळ त्वचेपुरते असते आणि त्यातून स्राव होत नाही. कुष्ठ मात्र खोलवर, धातूंमध्ये शिरत जाते. सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी, केवळ डोळ्यांनी व बोटांनी केलेला हा भेद आजही मूलतः बरोबर आहे. पण वैद्याने लक्षणांत जे वेगळे केले ते हेतूंत पुन्हा एक केले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात किलासाची कारणे देताना असत्य वचन, कृतघ्नता, देवांची निंदा, गुरूंचा अवमान, पापकर्म, पूर्वजन्मीचे कर्म आणि विरुद्ध अन्न यांची एकत्र यादी येते. काळ्या डागामागे शोक आणि पांढऱ्या डागामागे पाप, अशी ही विभागणी आहे. मनुस्मृतीने ती व्यवहारात आणली. तिसऱ्या अध्यायात विवाहसंबंधासाठी वर्ज्य सांगितलेल्या कुलांत श्वित्री आणि कुष्ठी यांची कुले शेजारी शेजारी येतात, आणि अकराव्या अध्यायात श्वैत्र्य हे वस्त्र चोरणाऱ्याच्या वाट्याला येणारे फळ म्हणून सांगितले आहे. ज्याने वस्त्र चोरले त्याच्या अंगावर झाकता न येणारी खूण उमटते, ही कल्पना काव्य म्हणून नेमकी आहे. न्याय म्हणून ती भीषण आहे. कारण तिच्यामुळे डाग हा पुरावा ठरतो, आणि गुन्हा कोणता हे शोधण्याची गरजच राहत नाही.

हा पुरावा कसा तयार होत गेला याचे उत्तम उदाहरण म्हणजे देवापीची कथा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अठ्ठ्याण्णवाव्या सूक्तात देवापी हा शंतनूसाठी पाऊस मागणारा पुरोहित आहे; त्याच्या त्वचेविषयी तेथे अवाक्षर नाही. यास्काने निरुक्तात या सूक्तामागची हकीकत दिली आहे. देवापी आणि शंतनू हे कुरुवंशातील बंधू; धाकट्या शंतनूने स्वतःला अभिषेक करवून घेतला, देवापी तपाकडे वळला, आणि मग राज्यात बारा वर्षे पाऊस पडला नाही. येथेही त्वचेचा उल्लेख नाही. थोरल्याला डावलून धाकट्याने राज्य घेतले, हाच तेथे अधर्म आहे, आणि अवर्षण ही त्याची शिक्षा. बृहद्देवतेत मात्र देवापी त्वग्दोषी झालेला आढळतो. तेथे प्रजा त्याला राज्य देऊ करते आणि तो क्षणभर विचार करून, आपण राज्याला पात्र नाही, शंतनूच तुमचा राजा होवो, असे सांगतो. महाभारताच्या उद्योगपर्वात चित्र पालटते. देवापी गुणी आहे, प्रजेला प्रिय आहे, वृद्ध राजा प्रतीपाने त्याच्या अभिषेकाची सिद्धता केली आहे. पण ब्राह्मण व वृद्धजन आडवे येतात, कारण अंगाने हीन असलेल्या राजाचे देव अभिनंदन करीत नाहीत. राजा रडतो आणि देवापी वनात जातो. विष्णुपुराणात पुन्हा वेगळेच कारण आहे. तेथे देवापीला वेदविरोधी बोलायला लावून अपात्र ठरवले जाते.

एकाच घटनेची ही निरनिराळी रूपे शेजारी ठेवली म्हणजे डागाचे कार्य स्पष्ट होते. थोरला भाऊ राज्यावाचून राहिला, एवढी वस्तुस्थिती सर्वत्र समान आहे. तिचे समर्थन मात्र शोधावे लागते. निरुक्तात ते नाही म्हणून दोष धाकट्याकडे जातो. बृहद्देवतेत ते थोरल्याच्या त्वचेत सापडते, आणि त्याने ते स्वतः मान्य केल्यामुळे कोणालाच दोष लागत नाही. महाभारतात ते समाजाच्या तोंडी येते. आणि तेथे जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ 'डागाळलेला' असा नसून 'हीनांग' असा आहे. ठिपका अवयवाच्या अभावात जमा झाला. व्यंग या शब्दात जे दोन अर्थ एकत्र आले तेच येथे कथेत एकत्र आले. महाभारतकाराने ही कथा धृतराष्ट्राच्या तोंडी घातली आहे, हेही विसरता येत नाही. अंधत्वामुळे ज्याचे राज्य गेले तोच आपल्या पुत्राला देवापीचे उदाहरण देऊन राज्याचा हट्ट सोडण्यास सांगतो.

हा प्रकार केवळ भारतीय आहे असे नाही. हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या पहिल्या भागात इराणी लोकांची एक चाल नोंदवली आहे. ज्या नागरिकाच्या अंगावर 'लेप्रा' किंवा 'ल्यूके' असेल त्याने नगरात यावयाचे नाही व इतरांत मिसळावयाचे नाही. त्याने सूर्याचा अपराध केला असला पाहिजे, असे ते मानीत. पांढरी कबुतरेही ते याच कारणाने हाकलून देत. 'लेप्रा' म्हणजे ग्रीक वैद्यकात खपल्या धरणारा त्वचारोग आणि 'ल्यूके' म्हणजे पांढरा डाग. आज ज्याला कुष्ठरोग म्हणतात त्याला ग्रीक वैद्य 'एलिफन्टियासिस' या वेगळ्या नावाने ओळखीत. अर्थात 'लेप्रा' हा शब्द मुळात कुष्ठरोगाचा नव्हताच. तो तसा झाला भाषांतरांमुळे.

हिब्रू बायबलच्या लेवीय या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात 'त्साराअत' नावाच्या विकाराची परीक्षा पुरोहिताने कशी करावी, हे सविस्तर सांगितले आहे. डाग पाहावा, सात दिवस माणसाला वेगळे ठेवावे, पुन्हा पाहावा; तो पसरला असेल तर अशुद्ध, नसेल तर शुद्ध. माणूस सर्वांगाने पांढरा झाला असेल तर तो शुद्धच होय, असेही त्याच अध्यायात म्हटले आहे. यावरून हे उघड होते की, त्साराअत ही वैद्यकीय संज्ञा नाही, विधीची संज्ञा आहे. वस्त्रावर आणि घराच्या भिंतीवरही ती लागू पडते. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात झालेल्या ग्रीक भाषांतराने तिच्यासाठी 'लेप्रा' हा शब्द योजला. जेरोमच्या लॅटिन बायबलात तोच राहिला. इकडे अरबी वैद्यकात दोन स्वतंत्र शब्द होते : 'जुझाम' हा कुष्ठरोगाचा आणि 'बरस' हा पांढऱ्या डागाचा. येशू ज्यांना बरे करतो त्यांत कुराणाने अंधाबरोबर 'अब्रस', म्हणजे बरस झालेला, याचा उल्लेख केला आहे. अकराव्या शतकात आफ्रिकेचा कॉन्स्टन्टाइन या भिक्षूने अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणले, तेव्हा जुझामच्या जागी 'लेप्रा' हा शब्द आला. बायबलमधील विधीची अशुद्धता आणि वैद्यकातील एक दुर्धर रोग ही दोन्ही ओझी आता एकाच शब्दावर पडली. मध्ययुगीन युरोपात वैद्याने रोग म्हणून जे ओळखले त्याला पुरोहिताने दिलेली शिक्षा मिळू लागली, आणि पुरोहिताला जो डाग संशयास्पद वाटला त्याला वैद्याने भयंकर ठरवलेले नाव मिळू लागले.

या साखळीतील एक बारीक कडी भाषांतराच्या अभ्यासकाने विशेष पाहावी अशी आहे. गणना या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात मोशेची बहीण मिर्याम त्याच्या कूशी पत्नीवरून त्याची निंदा करते आणि तत्काळ त्साराअतने ग्रस्त होते. मूळ हिब्रूत तिची त्वचा 'बर्फासारखी' झाली एवढेच आहे. 'पांढरी' हा शब्द तेथे नाही. बर्फासारखी म्हणजे भुरभुरणारी, खपल्यांची, असाही अर्थ संभवतो. लॅटिन आणि त्यामागून इंग्रजी भाषांतराने त्यात शुभ्रता घातली. उपमा स्पष्ट करण्याच्या या साध्या हेतूने पांढरा डाग हा बायबलच्या वाचकाच्या मनात ईश्वरी शिक्षेचा रंग होऊन बसला. पुढे मराठी भाषांतरकारांनीही त्साराअतसाठी 'महारोग', 'कुष्ठ' असे शब्द योजले, आणि युरोपातील गोंधळाला येथल्या जुन्या गोंधळाची जोड मिळाली.

एकोणिसाव्या शतकात हे दोन्ही प्रवाह वसाहतीच्या कागदपत्रांत एकत्र आले. १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे हान्सेन याने कुष्ठाचा जंतू पाहिला, आणि रोगाचे कारण पापात शोधण्याचे शास्त्रीय प्रयोजन संपले. पण हिंदुस्थानातील सरकारी गणतीदाराजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता; त्याच्याजवळ तक्ता होता. १८८१ ते १९३१ या काळातील खानेसुमारीत वेड, बहिरमुकेपणा, अंधत्व आणि कुष्ठ या चार व्यंगांची नोंद होत असे. घरोघर फिरणारा कारकून कोड आणि कुष्ठ यांत घोटाळा करतो, हे अधिकाऱ्यांच्या लवकरच लक्षात आले. म्हणून अवयव झडणाऱ्या कुष्ठाचीच नोंद करावी, पांढऱ्या डागांची करू नये, अशा सूचना द्याव्या लागल्या. न्यायालयांपुढेही हाच प्रश्न वेगळ्या वेषात आला. जुन्या हिंदू विधीप्रमाणे कुष्ठी वारसाला मुकत असे. इंग्रजी अमलातील न्यायाधीशांनी हे अपात्रत्व केवळ उग्र, व्रणस्रावी कुष्ठापुरते मर्यादित केले. सुश्रुताने जो स्रावाचा निकष वैद्यासाठी सांगितला होता तोच न्यायासनाने वारशासाठी लावला. १९२८ च्या कायद्याने हे अपात्रत्व बहुतांशी दूर झाले. निराधार कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात डांबण्याचा १८९८ चा कायदा मात्र २०१६ साली रद्द होईपर्यंत पुस्तकात राहिला, आणि कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून वगळण्यास २०१९ साल उजाडले.

दोन रोगांच्या या गोंधळाला काहीच आधार नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कुष्ठरोगाचा आरंभ पुष्कळदा त्वचेवरील फिकट चट्ट्याने होतो, आणि तो चेहऱ्यावरही असू शकतो. फरक असा की, त्या चट्ट्याला स्पर्शाची जाणीव मंद असते किंवा नसते. कोडाच्या डागाला ती पूर्णपणे असते. कुष्ठाच्या लक्षणांत बधिरतेचा निर्देश प्राचीन वैद्यांनीही केला आहे. म्हणजे संशय आला तर कापसाच्या बोळ्याने होणारी परीक्षा हाताशी होती. तिच्याऐवजी समाजाने शब्दाने परीक्षा केली.

हा शब्द भारतीय भाषांत कसा विखुरला आहे, हे पाहणे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणाऱ्या लेखकाला उपयोगी ठरेल. संस्कृत 'कुष्ठ' या शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप हिंदीत 'कोढ़' आहे, आणि त्याचा अर्थ कुष्ठरोग. मराठीत तेच रूप 'कोड' असे झाले, पण त्याचा अर्थ पांढरा डाग. कुष्ठरोगासाठी मराठीने 'कुष्ठ' हा तत्सम शब्द, 'महारोग' आणि 'रक्तपिती' हे शब्द ठेवले. गुजरातीतही 'कोढ' म्हणजे पांढरे डाग आणि 'रक्तपित्त' म्हणजे कुष्ठरोग. संस्कृत वैद्यकात रक्तपित्त हा रक्तस्रावाचा विकार आहे आणि महारोग ही आठ दुर्धर विकारांच्या वर्गाची संज्ञा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे किती शब्द आपापली घरे सोडून निघाले याची कल्पना येते. हिंदीतील कोढ़ाचे मराठीत 'कोड' केले तर पात्राचा रोगच बदलतो. मराठीतील कोडाचे हिंदीत 'कोढ़' केले तर एका निरोगी स्त्रीला वाळीत टाकल्यासारखे होते. याउलट कन्नडमधील 'तोन्नु', तेलुगूतील 'बोल्लि', पंजाबीतील 'फुलबहरी' आणि बंगालीतील 'श्वेती' हे शब्द कुष्ठाच्या कुळातले नाहीत. या भाषांनी डागाला त्याचे स्वतःचे नाव दिले. तमिळमध्ये 'वेण्कुष्टम्' म्हणजे पांढरे कुष्ठ हा शब्द रूढ होता. तो सोडून 'वेण्पुळ्ळि' म्हणजे पांढरा ठिपका हा शब्द वापरावा, असा आग्रह डाग असलेल्या लोकांच्या चळवळीने धरला आणि राज्यशासनाने तो मान्य केला. पाश्चात्त्य वैद्यकातील 'व्हिटिलिगो' हा शब्दही निर्दोष नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने तो वापरला तेव्हा त्यात पांढऱ्याबरोबर काळा प्रकारही होता, आणि लॅटिनमधील 'दोष' या अर्थाच्या शब्दापासून तो आला असावा, असा विद्वानांचा एक तर्क आहे.

इराण्यांच्या समजुतीतील सूर्य भारतीय परंपरेतही सतत हजर आहे, पण उलट्या भूमिकेत. श्रीकृष्णपुत्र सांबाला पित्याच्या शापाने कुष्ठ झाले आणि चंद्रभागेच्या तीरी सूर्याच्या उपासनेने ते गेले, ही कथा सांबपुराणात व भविष्यपुराणात आहे. ज्याचे रूप हाच ज्याचा गर्व त्याचे रूप जाते, आणि ते परत मिळवण्यासाठी त्याला दूरचा प्रवास करावा लागतो. या कथेवर बंगालीत कालकूट, म्हणजेच समरेश बसू, यांनी लिहिलेल्या 'शांब' या कादंबरीला १९८० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सूर्याची ही उपचारक भूमिका केवळ पुराणातली नव्हे. श्वित्रावर औषध घेऊन रोग्याने उन्हात बसावे, असे चरकाने सांगितले, आणि बावचीचे बी हे त्या रोगावरील परंपरागत औषध. तेराव्या शतकात इब्न अल्-बैतार याने एका वेगळ्या वनस्पतीचे बी खाऊन उन्हात बसण्याचा उपचार नोंदवला. १९३३ साली भारतीय रसायनज्ञांनी बावचीच्या बियांतून सोरालेन हे द्रव्य वेगळे केले, आणि १९४० नंतरच्या दशकात कैरो येथे एल मोफ्ती यांनी इब्न अल्-बैतारच्या वनस्पतीतील त्याच जातीच्या द्रव्याने कोडावर उपचार केले. ही द्रव्ये प्रकाश पडल्यावाचून काम करीत नाहीत, हे पुढे सिद्ध झाले. वांग मात्र उन्हाने वाढते. म्हणजे एकाच सूर्याने एक डाग गडद होतो आणि दुसरा भरून येऊ शकतो. यात अपराधाला कोठेच जागा नाही.

आजच्या वैद्यकानुसार कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात, आणि त्यांचा नाश बहुधा शरीराचीच संरक्षक यंत्रणा करते. जगातील सुमारे अर्धा ते दोन टक्के लोकांना हा विकार असतो. तो संसर्गाने होत नाही. वांग येण्यामागे ऊन, गर्भारपण, संप्रेरकांच्या गोळ्या आणि आनुवंश यांचा हात असतो. टिकलीच्या मागच्या गोंदातील एका रसायनाने कपाळावर, नेमक्या टिकलीच्या जागी, पांढरा डाग पडू शकतो, हेही भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे. सौभाग्याच्या खुणेनेच डाग पडावा आणि तो पूर्वकर्माचे फळ म्हणून वाचला जावा, याहून या इतिहासाचा विपर्यास कोणता? तरीही, अमक्याच व्यक्तीला, अमक्याच वयात, ओठाच्या अमक्याच कडेला डाग का आला, याचे उत्तर वैद्याजवळ पुष्कळदा नसते. ती रिकामी जागा पूर्वी पापाने भरली जाई; आता ती अन्य संशयांनी भरली जाते. मायकेल जॅक्सन या कृष्णवर्णी अमेरिकन गायकाचा चेहरा उजळत गेला, तेव्हा त्याला गोरे व्हावयाचे आहे, हे स्पष्टीकरण जगाने सहज स्वीकारले. आपल्याला कोड आहे, असे त्याने १९९३ साली स्वतः सांगितले. ते खरे होते, हे २००९ साली त्याच्या शवचिकित्सेने निश्चित झाले. मधल्या सोळा वर्षांत त्याच्या शब्दावर थोड्यांनीच विश्वास ठेवला.

साहित्याने या बाबतीत काय केले, याचे उत्तर एका नावात मिळते. बाणभट्टाच्या 'कादंबरी'तील महाश्वेता ही शुभ्रतेची परिसीमा आहे. तिच्या धवल कांतीचे वर्णन करताना कवीला उपमा पुरत नाहीत. सुधा मूर्ती यांच्या कन्नड 'महाश्वेता' या कादंबरीत हेच नाव कोड आलेल्या स्त्रीच्या कथेला दिले आहे. विवाहानंतर पांढरा डाग दिसून आल्यामुळे तिला सासरचे घर सोडावे लागते. एका युगात जो रंग स्तुतीचा विषय, तोच दुसऱ्या संदर्भात बहिष्काराचा. रंगात काही पालटले नाही, पाहण्यात पालटले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००६ सालच्या 'नितळ' या मराठी चित्रपटाने कोड असलेल्या स्त्रीकडे सुशिक्षित घर कसे पाहते, याची परीक्षा केली. या कृतींचे महत्त्व करुणेपेक्षा अचूकपणात अधिक आहे. डागाला त्या डागच म्हणतात. त्याला पूर्वकर्माचे, कुळाचे किंवा नियतीचे प्रतीक करीत नाहीत. हे वाटते तितके सोपे नाही. प्रतीक करण्याचा मोह लेखकाला असतो, आणि चेहऱ्यावरचा डाग हे हाताशी असलेले फार सोयीचे प्रतीक आहे. दुष्टाच्या गालावर वण, पतिताच्या अंगावर कोड, ही लेखनातली सवय मनुस्मृतीच्या कर्मविपाकाहून वेगळी नाही.

नाव बदलल्याने दृष्टी बदलतेच, असे नाही. १९७५ साली भारतीय बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाने २०२० साली 'फेअर' हा शब्द गाळला. गोरेपणाची हाव त्यामुळे संपली नाही. परंतु नाव न बदलल्याने काय होते, याचा पुरावा दोन हजार वर्षांचा आहे. देवापीचा त्वग्दोष 'हीनांग' या शब्दात गेला आणि त्याचे राज्य गेले. त्साराअत 'लेप्रा' या शब्दात गेला आणि असंख्य निरुपद्रवी डाग वेशीबाहेर गेले. वैद्याने, न्यायाधीशाने आणि गणतीदारानेही, कोणी लवकर, कोणी उशिरा, दोन विकारांतला भेद मान्य केला. भाषेत तो अजून पुरता रुजलेला नाही. हिंदीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत दरवर्षी कथा-कादंबऱ्या जातात. त्यांतील एखाद्या पानावर कोणाच्या तरी गालावर डाग उमटतो, आणि भाषांतरकार कोशातील पहिला शब्द उचलून पुढे जातो. त्या पानावर क्षणभर थांबून तो डाग कोणता आहे, एवढे विचारणे ही शब्दाची चैन नव्हे. सुश्रुताने वैद्याकडून जेवढी सावधगिरी अपेक्षिली तेवढीच ती आहे.